गिरणीतला मोठा पॉईंट

आमच्या धाकट्या जावेच्या गाडीला आवाज नव्हता, हे मला सगळ्यात जास्त खुपायचं. पेट्रोलची गाडी कशी, लांबूनच फटफट करत येते. माणूस वेळेत तोंड फिरवून बसायला मोकळं. हिची बॅटरीवरची स्कूटर. गिरणीच्या दारातून कधी सटकली ते कळायचंसुद्धा नाही. आत आमचं चाक घरघरतंय, पट्टा आपटतोय, बायका नंबरावरून भांडताहेत, आणि मध्येच पावडरीचा वास यायचा. मान वर करून बघावं तर ओढणी वाऱ्यावर सोडून बाई कोपऱ्यावर वळलेल्या. आणि मी इथं पापण्यांपासून पायापर्यंत पांढरी. दळणाला आलेली एखादी हमखास म्हणायची, "धाकटी गेली बघा तुमची! काय ऐट हाय!"

"बघितलं की. डोळं हायत मला," मी म्हणायची आणि तिच्या डब्यातलं पीठ जरा जोरातच दाबायची.

जळत होते मी. चांगली जळत होते. त्याला दुसरा शब्द शोधत बसत नाही. पण कशावर जळत होते ते आधी सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, एवढ्याशा स्कूटरवरून बाई पेटली.

मी कुरुंदवाडची. शाळेला सायकलनं जायची, दप्तर कॅरेजला आणि वेणी पाठीवर. नदीकडच्या उताराला हात सोडून सायकल चालवणारी पोरगी म्हणून वडिलांच्या कानावर तक्रारीपण गेलेल्या. नव्वदचं दशक मध्यावर आलेलं तेव्हा लग्न होऊन कोल्हापुरात आले. सासर मंगळवार पेठेत आणि सासऱ्यांनी घातलेली पिठाची गिरणी रस्ता ओलांडून पलीकडच्या गल्लीत. सासरे नव्हते. आमच्या ह्यांना पिठानं दम लागायचा. चार डबे दळले की पायरीवर येऊन छातीवर हात धरून बसायचे. धाकटे दीर तेव्हा शाळेत. मग काय, पदर खोचला आणि मी उभी राहिले. गुळगुळीत झालेल्या चाकाला छिन्नीनं टाकी लावायला शिकले, पट्टा चढवायला शिकले, एक फेज गेला की मोटर कशी कण्हते ते कानानं ओळखायला शिकले.

वर्षभरात मला एक गोष्ट कळली. खानावळीवाल्यांना दळण न्यायला माणूस पाठवायचा कंटाळा यायचा. मी ह्यांना म्हटलं, एक मोपेड घेऊ या. डबे मी पोचवते. सकाळी तासभर गेले आणि आले, बाकी दिवस गिरणीतच की. हे म्हणाले, आईला विचार. सासूबाईंना आम्ही आत्ती म्हणतो. आत्ती भाकरी थापत होत्या. मी विचारलं. त्यांनी मान वर केली नाही.

"गिरणीतली बाई गिरणीत. गाडीवर बसून गावभर हिंडाया आणलीया व्हय तुला?"

झालं. विषय संपला. पण का नको, ते त्या कधी बोलल्या नाहीत. मी खराब चालवते म्हणून नको, लोक नावं ठेवतात म्हणून नको, काहीतरी सांगायचं होतं की! ते 'का' माझ्या घशात दहा-बारा वर्षं अडकून राहिलं. स्कूटर दिसली की ते वर यायचं, एवढंच.

तर ही धाकटी. दिरांचं लग्न बरंच उशिरा झालं. त्यांना कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत नोकरी लागली, शिफ्टची, मग मुली सांगून यायला लागल्या. ही गडहिंग्लजची. बीकॉम झालेली, गोरीगोमटी, बोलायला मऊ. मला पहिल्या दिवसापासून 'अक्का' म्हणायला लागली आणि लग्नानंतर चार-सहा महिन्यांत एका पतसंस्थेत चिकटली. त्याच सुमारास कोल्हापुरात बॅटरीवरच्या स्कूटरी आल्या. दुकानाला फुगे बांधलेले, बाहेर फलक: पेट्रोल नको, लायसन नको. एका संध्याकाळी ही बस चुकून घामाघूम होऊन घरी आली. मी लसूण सोलत होते. आत्ती हिला म्हणाल्या, अगदी स्वतःहून म्हणाल्या, "बसच्या मागं किती पळशील? ती बॅटरीवरची गाडी घे की. सायकलीगत हाय म्हणत्यात."

माझ्या हातातली पाकळी हातातच राहिली. सायकलीगत! अहो, सायकल मला येत होती. हिला तीसुद्धा येत नव्हती. गाडी आली तेव्हा भावजी, म्हणजे माझे दीर, हिच्या मागून सीट धरून गल्लीभर पळत होते आणि आत्ती दारात उभ्या राहून हसत होत्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी आत जाऊन उगाच धुतलेली भांडी परत धुतली.

गाडी आली, पण गाडीला खायला घालायचं काय, हे कुणी बघितलंच नव्हतं. गाडीबरोबर एक विटेएवढा डबा आलेला, तो चार्जर. त्याला वायर, वायरीला तीन जाड दांड्यांची पिन. ती आमच्या घरात कुठंच बसेना. घरात सगळे छोटे पॉईंट, टीव्हीचे, रेडिओचे. भावजींनी पिन कापून टाकली आणि दोन दांड्यांची लावली. झालं काय, की चार्जिंग चालू असताना गाडीला हात लावला की झिणझिण्या यायच्या. वायरमनला बोलावलं. तो म्हणाला, अर्थिंगच नाही. आमचं घराचं अर्थिंग म्हणजे नळाच्या लोखंडी पायपाला गुंडाळलेली तार, आणि नळाचा पाईप मागच्या वर्षी प्लॅस्टिकचा केलेला! तार इमानेइतबारे प्लॅस्टिकला बांधलेली. मला हसू आवरेना. धाकटी मात्र चप्पल घातल्याशिवाय गाडीजवळ जाईना.

वर लोडशेडिंग. तेव्हाचे दिवस आठवा. सकाळी लाईट जायची ती स्वयंपाक झाल्यावर यायची, संध्याकाळी जायची ती जेवणं झाल्यावर. हिची नोकरी दिवसाची, गाडी घरात असणार ती नेमकी लाईट नसताना. आली लाईट की चार्जर लावायचा, तोपर्यंत ही दमून झोपलेली. मग सकाळी निम्मी भरलेली गाडी पतसंस्थेच्या चढाला धापा टाकायची, आणि बाईसाहेब उतरून ढकलत न्यायच्या. ती ढकलताना बघितलं की मला त्या दिवशी जेवण गोड लागायचं.

पण गिरणीची लाईन वेगळी. घरावरची लाईट गेली की गिरणीवरची बहुतेक वेळा असायचीच. हे भावजींच्या डोक्यात आलं आणि इथून माझं दुर्दैव सुरू झालं. एका संध्याकाळी गाडी ढकलत गिरणीत आणून उभी केली.

आमच्या गल्लीची एक ठाम समजूत होती. थ्री फेज म्हणजे जोराचा करंट. ज्या करंटावर एवढं मोठं दगडी चाक गरागरा फिरतं, त्याच्यावर ही चिमणीएवढी गाडी चहा पिऊन होईपर्यंत भरायला पाहिजे. भावजी एमआयडीसीतले, त्यांना तर शंकाच नव्हती. त्यांनी चार्जरची वायर सोलली आणि एक टोक एका फेजला, दुसरं टोक दुसऱ्या फेजला. मी म्हटलं, "भावजी, दोन फेज?" ते म्हणाले, "वैनी, एका फेजवर घरातपण हुतंच की. दोनावर डब्बल स्पीड!"

फट्! एवढा आवाज त्या बिनआवाजी गाडीनं पहिल्यांदाच काढला. डब्यातून ठिणगी, काळा धूर, जळक्या लाखेचा वास. दळणाला आलेला एक पावणा डबा टाकून दारात पळाला आणि तिथून ओरडला, "जाळ आन् धूर संगटच!"

चार्जरला हवा असतो एक फेज आणि एक न्यूट्रल, साधा घरातल्यासारखा. दोन फेजांत घातला की जवळजवळ दुप्पट दाब येतो, आणि मग तो पावणा म्हणाला तसं होतं. गाडी वाचली, चार्जर गेला. धाकटी रडकुंडीला आली. मी "अरेरे" म्हटलं. पण माझं मलाच ऐकू आलं, त्या अरेरेत साखर होती.

दुसऱ्या दिवशी ही माझ्यापुढं उभी. "अक्का, नवा चार्जर आणाया माझ्याबरोबर चला की. तुमाला करंटातलं कळतंय. ह्यांना घेऊन गेले तर परत जाळतील." दुपारची वेळ, तिला सुट्टी, आणि त्या दिवशी गिरणीचीपण लाईट गेलेली. जायला सबब नव्हती. गेले रिक्षानं.

दुकानात दारातच रांगेनं स्कूटरी लावलेल्या. लाल, निळ्या, एक चंदेरी. दुकानातला तरणा सेल्समन धाकटीला म्हणाला, "या मॅडम, बसा मॅडम." मला काहीच म्हणाला नाही. माझ्या बाहीवर पीठ होतं. चंदेरी गाडीच्या हँडलला मी हात लावला तर म्हणाला, "काकू, डाग पडतो." डाग पडतो म्हणे! पीठ आहे ते, पुसलं की जातं. मी हात पदराला पुसला.

मग त्यानं काउंटरवर चार्जर मांडले. मला वाटलं होतं चार्जर म्हणजे चार्जर, दुकानदार देईल तो घ्यायचा. तसं नसतं. आधी गाडीत बॅटऱ्या किती ते बघायचं. हिच्या गाडीत चार, तेव्हा चारांचाच चार्जर हवा. तीनवाला लावला तर गाडी उपाशी, पाचवाला लावला तर बॅटऱ्या मेल्या. मग चारांच्यातसुद्धा तऱ्हा. एक होता गावातच बनवलेला, लोखंडी, डोक्यात घातला तर माणूस उठणार नाही इतका जड. स्वस्त. पण बॅटरी भरली तरी तो थांबत नाही, ओततच राहतो. आपण उठून बंद करायचा. विसरलात तर आतलं पाणी उकळतं. दुसरा लवकर भरणारा. सेल्समन म्हणाला, रोज लवकर भरली की बॅटरी लवकर म्हातारी होते, घाई असेल त्यानंच घ्यावा. तिसरा पंख्याचा. लाल दिव्यावर भरतो, भरलं की हिरवा होतो आणि स्वतःच थांबतो.

"अक्का, कुठला?" धाकटीनं विचारलं.

जिभेवर त्या लोखंडी डब्याचं नाव आलंच होतं. उकळू देत की हिच्या बॅटऱ्या! पण लगेच डोक्यात आलं, गाडी उभी राहणार गिरणीत. मग उठून बंद कोण करणार? मीच. हिच्या गाडीसाठी मी घड्याळाकडं बघत बसू? "पंख्याचा घे," मी म्हटलं. "आपला आपण थांबणारा."

सेल्समननं विचारलं, लावणार कुठं, घरी की दुकानात? म्हणाला, घराला हाच डबा आणि दुकानालाही हाच, फरक वायरिंगमध्ये. दुकानात चार गाड्या लावायच्या तर प्रत्येकीला वेगळी वायर, वेगळा स्विच. एका पॉईंटातून लांब वायरी काढून लटकवल्या की वायरी तापतात. आणि मग तो जे बोलला ते माझ्या चांगलं लक्षात राहिलं. "करंट कुठं जोरात हाय ते बघू नका. गाडी जास्त वेळ कुठं थांबते ते बघा. जिथं थांबते तिथं पॉईंट." मला अजून कुणी विचारलं, आमच्या सोसायटीत लावू का, हॉटेलबाहेर लावू का, तर मी त्याचंच वाक्य माझं म्हणून ठोकून देते.

"थांबते ती गिरणीतच," धाकटी म्हणाली. "अक्कांजवळ."

असा माझ्या गिरणीत मोठा पॉईंट आला. जाड वायर, वेगळा स्विच, तीन दांड्यांची पिन बसणारा. गिरणीच्या मागं खड्डा खणून मीठ-कोळसा घालून नवं अर्थिंग केलं. पिठाची धूळ पंख्यात जाऊ नये म्हणून चाकापासून लांब, खिडकीजवळ पॉईंट घेतला. आणि ऐका, त्याच खिडकीजवळ मी किती उन्हाळे एक पंख्याचा पॉईंट मागत होते! घामानं पीठ अंगाला कणकेसारखं चिकटायचं. "बघू की, करू की," म्हणायचे सगळे. धाकटीच्या गाडीसाठी वायरमन एका दिवसात आला.

रोज संध्याकाळी ही यायची, पिन घालायची, लाल दिवा लागला की "अक्का, बघा हं" म्हणून चालत घरी जायची. आणि मी तिच्या गाडीची राखणदार. लाल दिवा माझ्याकडं बघतोय, मी त्याच्याकडं. गिऱ्हाईक नसलं की मी सीटवरचं पीठ झटकायची. हँडल पुसायची. आरशात बघितलं तर पांढऱ्या भुवयांची एक बाई दिसायची, मग मी आरसा फिरवून ठेवायची, आणि सकाळी धाकटी विचारायची, आरसा कोण फिरवतंय रोज?

एकदा ती म्हणाली, "अक्का, चालवून बघा की एक चक्कर."

"मला कुठला वेळ?" मी म्हटलं. तिनं दिलेली चक्कर मला नको होती. मला ती तेव्हा हवी होती, माझ्या हक्काची, खानावळीचे डबे पुढं ठेवून.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला हे सगळं बाहेर आलं.

खंडेनवमीला आमच्याकडं अवजारं पुजतात. गिरणी धुऊन काढायची. चाकाला, मोटरीला, मेन स्विचला हळदकुंकू आणि झेंडूची माळ. मेन खाली पाडायचा आणि त्या दिवशी परत वर करायचा नाही. अवजारांचा विसाव्याचा दिवस. वर्षातला तेवढा एक दिवस मी स्वच्छ असायची, नवी साडी, केसात गजरा. आमच्या आत्ती या बाबतीत फार कडक. मागं एकदा माझा भाऊ नेमका त्याच दिवशी हरभऱ्याची डाळ घेऊन आला होता. घरी पाहुणे, त्यांच्याकडची गिरणी बिघडलेली, पाच मिनिटांचं काम. आत्ती म्हणाल्या, "खंडेनवमीला चाक हालत न्हाई. देवाचं हाय त्ये." भाऊ पिशवी तशीच घेऊन एसटीनं परत गेला. मी त्याला सोडायला स्टँडवरसुद्धा गेले नाही, लाजेनं.

तर त्या वर्षी आदल्या दिवशी घराजवळची डीपी जळाली आणि गिरणीकडचीपण लाईट संध्याकाळभर नव्हती. धाकटीची गाडी रिकामी. आणि खंडेनवमीला दुपारी तिची कॉम्प्युटरची परीक्षा, शहराच्या दुसऱ्या टोकाला. ती पास झाली तर पतसंस्था तिला कायम करणार होती. सकाळी मी पूजा उरकून माळ बांधत होते, तेवढ्यात आत्ती आणि धाकटी गाडी ढकलत आल्या. आत्तींच्या हातात नैवेद्याचं ताट.

"मेन वर कर," आत्ती मला म्हणाल्या. "हिचं चार्जर घालू दे."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. धाकटीच म्हणाली, "आत्ती, राहू दे. मी रिक्षानं जाते."

"गाडी असताना रिक्षा कशाला?" आत्तींनी ताट खाली ठेवलं, माझी माळ बाजूला सरकवली आणि स्वतःच्या हातानं मेन वर केला. कुंकू त्यांच्या बोटाला लागलं. धाकटीनं बिचकत पिन घातली. लाल दिवा लागला.

मग माझा सुटलाच तोल. "आत्ती, माझ्या भावाला देवाचं म्हणून परत धाडलंसा. आज देव कुठं गेला? मला मोपेड नको म्हणालासा. हिला आपणहून गाडी. मला पंख्याला पॉईंट न्हाई, हिच्या गाडीला हाय. मी काय घोडं मारलं हुतं तुमचं? आज सांगा मला. का न्हाई दिली मला गाडी?"

आत्ती पालथ्या डब्यावर बसल्या. रागावल्या नाहीत. मेथीची जुडी केवढ्याला आणली ते सांगावं, तशा बोलल्या.

"तू गेली असतीस तर गिरणी थांबली असती. ह्याला दम. धाकटा शाळंत. तुला गाडी दिली असती तर आज खानावळ, उद्या बाजार, परवा कुरुंदवाड. हितं कोण उभं ऱ्हाणार हुतं? तुझ्यावर घर चाललं हुतं. म्हणून न्हाई दिली." मग त्यांनी धाकटीकडं हनुवटी केली. "हिचं काय? ही गेली काय, आली काय. घराचं काय थांबतंय?"

एवढी वर्षं ज्याची वाट बघितली ते उत्तर मिळालं, आणि माझा राग दुप्पट झाला. हे चांगलं म्हणाल्या की काय म्हणाल्या? माझ्यावाचून अडतं म्हणून मला बांधून घातलं. आपणच उभी राहिले, आपणच टाकी लावायला शिकले, आणि तेच माझ्या पायात आलं. जरा कमी कामाची असते, तर मलापण चंदेरी गाडी मिळाली असती! रडू यायला लागलं. ते दिसू नये म्हणून खिडकीकडं वळले, तर तिथं धाकटी.

ती अजून पिनेवर हात ठेवून उभी होती. तिचा चेहरा मी कधी नीट बघितलाच नव्हता, ओढणीच बघत होते. आत्तींना वाटत होतं, आपण हिला लागेलसं काहीच बोललो नाही. त्या उठल्या, देवाला नैवेद्य दाखवला आणि शेजारणीशी बोलायला पायरीवर जाऊन बसल्या.

आम्ही दोघी आत. चाक बंद, पट्टा बंद. गिरणीत इतकं शांत मी कधी ऐकलं नव्हतं, फक्त चार्जरचा तेवढा पंखा भुणभुणत होता. धाकटी पुस्तक उघडून बसली. पान काही उलटेना. गाडी निम्मी भरली असेल तेव्हा तिनं पिन काढली. मी मेन खाली पाडला आणि माळ सारखी केली.

"दे किल्ली," मी म्हटलं.

"अक्का?"

"दे. मागं बस. परीक्षेला सोडते तुला."

"तुमाला येती?"

"सायकल येती मला. सायकलीगत हाय म्हणत्यात न्हवं?"

गाडी दाराबाहेर काढली. आत्ती पायरीवरून उठल्याच. "आगं, कुठं निघालीस तू?"

"आज गिरणी बंद हाय, आत्ती," मी म्हटलं. "आज मी गेले तर काय थांबतंय?"

मी साडी गुडघ्यात घट्ट धरली आणि मूठ पिळली. गाडी एकदा डावीकडं लचकली, एकदा उजवीकडं, धाकटीनं माझ्या कमरेला मिठी मारली, आणि मग उतार लागला. उतारावर अंग काही विसरलेलं नसतं. गजरा सुटला, सुटू दे. वारा तोंडावर आला, त्याला पिठाचा वास नव्हता.

मागून आत्तींचा आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत आला. "आगं, हळू घे! लौकर ये गं! संध्याकाळचा दिवा तुलाच लावायचा हाय!"

मी मागं बघितलं नाही. कोपऱ्यावर वळलो. तिथून पुढचा रस्ता सपाट होता आणि सणाचा म्हणून रिकामा. मग धाकटी माझ्या पाठीशी बोलली, अगदी हळू.

"अक्का, लौकर ये म्हणून मला आत्ती कधीच ओरडल्या न्हाईत."

गाडीला आवाज नव्हता, म्हणून मला ते ऐकू आलं.